पाकिटाचं दुसरं टोक

मेश्राम सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात शिकवत होते. "झोपेतच गेले. हार्ट म्हनते डॉक्टर," सरांच्या पत्नी, आमच्या काकू म्हणाल्या. रडू यायला हवं होतं. मला आठवली ती गोळी. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी संधिवातासाठी सरांना नवीन औषध लिहून दिलं होतं आणि ते मीच नालवाडीला त्यांच्या घरी नेऊन दिलं होतं. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. रोज घेतली तर माणूस दगावू शकतो. मी सांगितलं, सर "हो" म्हणाले, मी चहा पिऊन निघाले. त्यांच्याकडून परत वदवून घेतलं नाही. सरांना कसं विचारायचं...

हे विचारायला आम्हाला शिकवलं सरांनीच. फार्मसीच्या प्रॅक्टिकलला टेबल मांडून ते दुकान करायचे आणि स्वतः पेशंट व्हायचे. पाकीट पुढे करायचं, पण औषध कसं घेणार हे पेशंट आपल्या तोंडानं सांगेपर्यंत आपल्याकडचं टोक सोडायचं नाही, हा त्यांचा नियम. शिकत असताना मी वर्ध्यात त्यांच्याच औषधांच्या दुकानात बसायचे. तिथे सिंदीच्या एका आजींना मी हीच गोळी दिली. त्या गेल्यावर सरांनी विचारलं, "काय सांगतलं तिनं?"

"हो म्हणाल्या."

"हो तं सारेच म्हन्ते. चाल, बस पकडू."

एसटीनं आम्ही सिंदीला गेलो. घरी आजी म्हणाल्या, "रोज एक ना? मले कमी ऐकू येते बाई, पन तू घाईत होती."

पुढच्या प्रॅक्टिकलला सर कुणाची तरी ओढणी डोक्यावर घेऊन बहिऱ्या आजी झाले. "काऊन पुटपुटून राह्यली वो पोरी?" वर्ग हसला. मी हसले नाही.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे सरांसाठीच्या बौद्ध प्रार्थनेच्या दिवशी काकूंनी त्यांची उरलेली औषधं माझ्याकडे दिली. मी आतल्या खोलीत जाऊन कडी लावली. पाकिटातून पट्टी बाहेर काढली. दहातल्या सात गोळ्या शिल्लक होत्या. पाकिटावर सरांच्या अक्षरात तीनदा लिहिलेलं, रविवार, आणि पुढे खूण. तीन आठवडे, तीनच गोळ्या. हिशेब जुळला तो सरांमुळे. माझ्यामुळे नाही.

गोळ्या मी नष्ट केल्या. पाकीट प्रॅक्टिकलच्या टेबलाच्या खणात आहे. परवा प्रॅक्टिकलला मी पेशंट झाले होते. समोरच्या मुलीनं औषध कसं घ्यायचं ते सांगितलं आणि विचारलं, "मॅडम, पेशंट स्वतःच फार्मसिस्ट असला तर? त्यालाही विचारायचं?"

"त्याला आधी," मी म्हणाले आणि पाकीट घ्यायला हात पुढे केला. तिनं तिचं टोक सोडलं नाही.