काठोकाठ भरलेला जपानी मग

माझ्या धाकट्या बहिणीचं, नंदाचं लग्न एका मगामुळे मोडता मोडता राहिलं. तो मग मीच आणला होता.

मी तेव्हा आसनगावच्या एका कारखान्यात होतो. मशीन बसवायला आलेल्या जपानी साहेबाने जाताना तो मला भेट दिला. पांढराशुभ्र, त्यावर निळ्या लाटा आणि एक करकोचा. आम्ही सापगावची, बशीत ओतून चहा पिणारी माणसं; या मगाला बशीच नव्हती! आईने तो फडताळात मांडून ठेवला. "मोठा पाव्हना आला की काढू," म्हणाली.

मोठा पाहुणा आला तो मुरबाडकडून. सिद्धगडच्या पायथ्याचे तात्या, आपला मुलगा आणि मेव्हण्याला घेऊन नंदाला बघायला आले. मुलगा नंदाला आधीच एका लग्नात आवडला होता. (हे सगळ्यांना माहीत होतं. आबा, म्हणजे आमचे वडील, तेवढे माहीत नसल्यासारखे बसले होते.)

"तात्यांना माझ्या मगातून द्या!" मी ऐटीत सांगितलं.

नंदाने मग अर्धा भरला.

"अर्धा?" आई डाफरली. "पाव्हन्याला अर्धा कप कोन देतो गो? भर!"

जवळजवळ अख्खं पातेलं त्या मगात गेलं! उरलेला चहा बाकीच्यांनी दोन घोटांत संपवला आणि सगळे तात्यांकडे बघत बसले. थोरल्या पाहुण्याने कप रिकामा करून खाली ठेवल्याशिवाय बोलणी सुरू करायची नाहीत, ही आमच्याकडची रीत. आणि मुलीच्या हातचा चहा टाकला, तर मुलगी नापसंत! तात्या फुंकर मारत होते. आबांचं भाताचं पीक विचारून झालं, बैल विचारून झाले, शेवटी तात्यांच्या विहिरीचं पाणी विचारून झालं.

अर्ध्यावर तात्यांनी दम खायला मग जरा खाली ठेवला. आई टपूनच होती.

"आवडला वाटतं!" तिने पुन्हा उकळलेल्या चहाचं पातेलं मगात रिकामं केलं.

"नको, नको!" तात्या कळवळले. पण पहिले दोन 'नको' आमच्याकडे कोणी मनावर घेत नाही. तिसरा म्हणेपर्यंत चहा काठाला आला होता!

नंदा दारामागून माझ्यावर डोळे वटारत होती. "दादा, हे लगीन मोडला ना, तर तो मग तुझ्या डोक्यात फोडीन!"

तेवढ्यात फाट्यावर हॉर्न वाजला.

"तात्या, शेवटची एस्टी!" मेव्हणा उठला.

"बस रे खाली. पोरीच्या हातचा चहा हाय. टाकू कसा?"

एस्टी गेली. तात्यांनी शेवटचा घोट घेतला, मिशी पुसली आणि तो मग उपडा करून दाखवला. "थेंब नाय ठेवला. पोरगी पसंत. पन हा मग बी आमाला द्या!"

माझा जीव भांड्यात पडला. जपानी वस्तूची पारख तात्यांना आहे, असं मी चारचौघांत सांगूनही टाकलं. तो मग नंदाच्या रुखवतात गेला.

पुढच्याच भाऊबीजेला मी तिच्याकडे गेलो. तात्यांनी फडताळातून करकोचा काढला.

"सूनबाई, भावाचा मान हाय. भर!"

"नको, नको," मी म्हणालो.

नंदा हसत हसत ओतत राहिली. तात्यांची एस्टी एकदाच चुकली; माझी दर भाऊबीजेला चुकते!