पाटावर बसलेलं दुखणं

माझ्या बायकोच्या आत्या आजवर कधी गप्प बसल्या असतील असं भीमाकाठच्या कुणालाही वाटत नाही, आणि अशा बाईंना डोळे मिटून शांत बसायला शिकवण्याचं काम शेवटी जावई म्हणून माझ्याच गळ्यात पडलं. आत्या वडगाव रासाईला नदीच्या अंगाला वस्तीवर राहतात. पहाटे कोंबड्याला चार शब्द सुनावले की त्यांचा दिवस उगवतो. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईशी त्या वाद घालतात, कांद्याच्या रोपांना यंदा तरी लाज राखा म्हणून बजावतात, आणि प्रचाराची रिक्षा दारावरून गेली की भोंग्याच्या प्रत्येक वाक्याला उंबऱ्यात उभं राहून उत्तर देतात. पाठ फारच दुखायला लागली तेव्हा आम्ही त्यांना एमआरआय काढायला दौंडला नेलं. त्या यंत्राच्या पोटात झोपवल्यावर भलेभले घाबरतात. आत्या आतून यंत्र चालवणाऱ्या माणसाची चौकशी करत होत्या, गाव कुठलं, जेवण झालं का, लग्न कधी करतोस. तो बिचारा काकुळतीला आला. "आजी, बोलू नका हो, फोटो हलतोय." त्यावर आतून आवाज आला, "फोटू पाठीचा हाय ना? मी तर तोंडानं बोलती!" तीनदा सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

निदान सरळ होतं. मणक्यातली गादी सरकली होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण स्पष्ट बोलणाऱ्या. ऑपरेशनची गरज नाही, दुखणं मात्र पुरतं जाणार नाही, आणि मेडिकलमधून आणून गोळ्या खाणं थांबवलं नाही तर किडनीवर येईल, असं त्यांनी सांगितलं. थोडे व्यायाम दिले आणि मोबाईलवर एक अ‍ॅप सुचवलं. त्यात एक बाई मराठीत सांगते, त्याप्रमाणे रोज दहा मिनिटं श्वासाकडे आणि अंगाकडे लक्ष द्यायचं. दुखणं जात नाही, पण त्याची धास्ती कमी होते. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "धार काढता येईल का?"

या प्रश्नात त्यांचा जीव अडकला होता. आत्यांची चंद्री नावाची म्हैस आहे. रेडकू असल्यापासून त्यांनी तिला हातावर वाढवलेली, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा हात कासेला लागला की ती पान्हा चोरते. सुनेनं करून पाहिलं, मुलानं करून पाहिलं, चंद्रीनं चरवीभर दुधाऐवजी दोघांना एकेक लाथ दिली. आणि आत्यांना आता उकिडवं बसलं की कळ थेट पायापर्यंत जायची. मुलगा मनानं चांगला आहे, पण हिशेबी. तो म्हणाला, "आये, दिवाळीपर्यंत बघू. न्हाई जमलं तर बाजार दाखवू तिला. तुझी पाठ मोडून म्हस कशाला संभाळायची?" आत्या त्या दिवशी जेवल्या नाहीत. बोलत मात्र होत्या.

मी शिक्रापूरला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढतो, म्हणून सासरी मला शहाणा समजतात. रविवारी जाऊन मी आत्यांच्या मोबाईलवर ते अ‍ॅप घातलं. बाई फार गोड आवाजात म्हणाली, "आपण आता डोळे मिटूया." आत्या म्हणाल्या, "मिटते, पर दूध चुलीवर हाय, जरा दम धर." बाई म्हणाली, "आपलं लक्ष हळुवारपणे डाव्या पायाच्या अंगठ्याकडे न्या." आत्या म्हणाल्या, "त्याला काय झालंय? दुखतीया पाठ." तरी ती बाई न चिडता उजव्या अंगठ्याकडे वळली, तेव्हा आत्या विरघळल्या. "लई गुणाची हाय हो. मी एवढं बोलले, पर उलटून बोलली न्हाई. कुणाची पोर?" ती रेकॉर्ड केलेली आहे, हे मी दोनदा समजावलं. उपयोग शून्य. दहा मिनिटांचा पाठ संपायच्या आत फोन बंद करायला त्या शेवटपर्यंत तयार झाल्या नाहीत. "माणूस बोलत असताना तोंडावर दार लावायचं व्हय?" म्हणून मग चपात्या करपल्या तरी तिचं बोलणं पुरं व्हायची वाट बघितली जायची.

चौथ्या की पाचव्या दिवशीच्या पाठात बाईनं सांगितलं की वेदना आली तर तिला हुसकावू नका, तिला येऊ द्या, थोडं थांबू द्या आणि जाऊ द्या. झालं! आमच्याकडे कुणीही दारात आलं तरी आधी पाणी आणि मग चहा. नको म्हणणाऱ्यालाही बशीभर तरी प्यावाच लागतो. आत्यांनी खाटेशेजारी एक पाट मांडला, त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. पाठीत चमक आली की म्हणायच्या, "आलीस? बस. पाणी पी. मला कांद्यात निंदायला जायचंय, पर तू बस." दुपारी शेजारच्या काकू आल्या आणि नेहमीसारख्या पाटावर टेकायला लागल्या, तर आत्या ओरडल्या, "आगं आगं, तिथं नगं! तिथं माझं दुखणं बसलंय!" काकू त्यानंतर आठवडाभर आल्या नाहीत. वस्तीवर चर्चा झाली. मुलानं मला फोन करून हळूच विचारलं, "दाजी, हे अ‍ॅप डोक्यावर परिणाम करतंय का?"

मीही घाबरून पळत गेलो. आत्यांनी मला पाटासमोर बसवलं आणि चहा दिला. म्हणाल्या, "पाव्हणं, दुखतं तेवढंच हाय. पर आधी कळ आली की वाटायचं, आता काय खरं न्हाई, आता खाटंला खिळले. आता म्हणती, आलीस तशी जाशील. भ्या वाटत न्हाई." आणि खरोखरच त्यांच्या गोळ्यांची पाकिटं फळीवर तशीच पडून होती. मला तेव्हा डॉक्टरीणबाईंना नमस्कार करावासा वाटला.

अडचण एकच होती. दहा मिनिटं एका जागी बसायला त्यांना वेळच नव्हता. मग त्यांनीच तोड काढली. एरवी त्या स्थिर बसायच्या त्या फक्त धारेला. म्हणून मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गोठ्यातल्या खुंटीला अडकवला. एका रविवारी संध्याकाळी मी गोठ्याकडं गेलो आणि दारातच थबकलो. आत ती बाई बोलत होती, चरवीत दुधाची धार वाजत होती, चंद्री डोळे मिटून रवंथ करत होती आणि आत्या गप्प होत्या! पुरती दहा मिनिटं. मला वाटलं, यांना काही झालं की काय.

व्हायचं ते पुढच्या महिन्यात झालं. पिशवी निसटली आणि मोबाईल चंद्रीपुढच्या आंबोणाच्या, भिजवलेल्या पेंडीच्या घमेल्यात बुडाला. मी शिफ्टवर होतो. मुलाचा फोन आला, "दाजी, त्या बाईशिवाय म्हस पान्हा सोडीना!" चंद्रीला त्या आवाजाची सवय लागली होती. फोन म्हशीच्या कानाशी धरायला सांगून मी कॅन्टीनच्या मागं उभा राहून, येईल तेवढं आठवून, जमेल तेवढ्या गोड आवाजात म्हणालो, "आपण आता डोळे मिटूया..." समोर चहा पिणारी चार बिहारी पोरं खरंच डोळे मिटून उभी राहिली. चंद्रीवर परिणाम झाला नाही. "तुमच्या आवाजाला म्हस भुलत न्हाई, पाव्हणं," असं आत्यांचं मत फोनवरून ऐकू आलं. आणि मग त्यांनी स्वतःच सुरुवात केली. "बस माये. दमानं घे. श्वास येतोय, येऊ दे. जातोय, जाऊ दे. पाठ दुखतीया, दुखू दे. आपुन हितंच हाय..." थोड्या वेळानं चरवीचा आवाज आला. अख्खा पाठ त्यांना पाठ होता, फक्त भाषा त्यांची होती.

दिवाळी आली तेव्हा मात्र पाठीनं उकिडवं बसायला साफ नकार दिला. धास्ती गेली होती, तरी गादी सरकलेलीच होती. वसुबारसेच्या सकाळी आत्या चरवी घेऊन बसायला गेल्या आणि भिंतीला धरून तशाच उभ्या राहिल्या. मुलानं म्हैस बाजारात न्यायला पिकअपवाल्याला फोन केला, हे सगळ्यांना कळलं. त्या सकाळी मी तिथंच होतो. आत्यांनी मला बोलावलं. "पाव्हणं, मी जवळ असले की ती माझाच हात मागती. त्या पोरीचा आवाज फोनात राहतोय, तसा माझा राहील का?"

मी गोठ्यातच रेकॉर्ड केलं. संध्याकाळी सून धारेला बसली, खुंटीवरच्या नव्या फोनमधून आत्या बोलायला लागल्या, "बस माये. दमानं घे..." आणि खऱ्या आत्या अंगणात खाटेवर बसून राहिल्या. चंद्रीनं मान वळवून खाटेकडं बघितलं. आत्या काहीतरी म्हणणार होत्या. मी पाहिलं, ओठ उघडले होते. पण दोन आवाजांनी म्हैस बावरली असती. त्यांनी पदर तोंडात धरला आणि डोळे मिटले. चंद्रीनं एक लाथ झाडली, सूनबाई हलली नाही, आणि मग चरवी वाजायला लागली. मुलानं बाहेर जाऊन पिकअपवाल्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

आता रोज दोन वेळा दहा मिनिटं भीमाकाठी ही बाई गप्प बसते. शेजारी तो पाट असतो आणि पाण्याचा तांब्या. आपल्या हातानं वाढवलेली म्हैस दुसऱ्याच्या हाताला दूध देताना बघायची, आणि एक शब्द बोलायचा नाही. पाठीपेक्षा ते जास्त दुखत असणार, असं मला वाटतं. एकदा मी विचारलंही. म्हणाल्या, "त्येला बी पाटावरच बसवलंय की."

त्या रेकॉर्डिंगच्या शेवटी, फोन बंद झाला असं समजून, आत्या म्हणाल्या आहेत, "झालं का हो पाव्हणं? चला, चहा टाकते." चंद्री ते वाक्य आलं की धार संपली असं समजून बाजूला होते. माझ्या फोनातही ते रेकॉर्डिंग आहे. मोटारसायकलवरून जाऊन येऊन माझी कंबर धरते, तेव्हा शिक्रापूरच्या खोलीत मी ते लावतो आणि शेवटपर्यंत ऐकतो. सून मला म्हणाली होती, शेवटचं तेवढं कापून टाका. मी कापलं नाही. कधीतरी ती खाट रिकामी होईल. तेव्हाही कुणीतरी मला चहाला थांबवायला पाहिजे.