मोडायची राहिलेली मान

दाढी झाली की मान मोडून द्यायची, ही दिग्रसच्या आमच्या दुकानाची रीत. एक हात हनुवटीखाली, दुसरा डोक्यामागे, गिऱ्हाईक बेसावध असताना एक झटका. उजवीकडे कट्, डावीकडे कट्. कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत सरकी काढायच्या कारखान्यासमोर, म्हणजे जिनासमोर, कापसाच्या गाड्या दोन-दोन दिवस उभ्या असत. वेळ जाईना म्हणून गाडीवाले आमच्याकडे येऊन बसत. दाढी राहू दे, म्हणत, मान तेवढी मोड.

सातवीत शाळा सोडून मी सांगोल्याकडून इथे आलो होतो. गावचा एक ट्रकवाला मला उस्तादांच्या हवाली करून गेला. उस्ताद म्हणजे दुकानाचे मालक. दुकानाच्या माळ्यावर माझं अंथरूण, त्यांच्या घरून माझा डबा. कात्री त्यांनीच हातात दिली, मान मोडायलाही त्यांनीच शिकवलं. त्यांनी जा म्हटलं असतं तर जवळपास जायला दार नव्हतं. मुळात मी भित्रा, त्यामुळे त्यांचा शब्द मी कधी मोडला नाही. एकदा सोडून.

शुक्रवार होता. उस्ताद नमाजाला गेले होते. जिनात पोती उचलणारा एक हमाल आला, नेहमीचाच.

"काल गाडीवरून डोक्यावर पडलो. मान धरली ना. मोडून दे बरं."

खुर्चीत मागे टेकताना त्याने दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरलं आणि भरलेली घागर उतरवावी तसं हळूच टेकवलं. मी माझे हात लावले, तरी त्याचे निघेनात.

"भाऊ, हात काढा की."

"काढले का डोकं पडल्यावानी वाटते. बोटाईले बी मुंग्या येऊन राह्यल्या."

मला मणका म्हणजे काय तेही धड ठाऊक नव्हतं. पण स्वतःचं डोकं असं सांभाळून धरणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी माझे हात मागे घेतले.

"तुले येत नसंन त तसं सांग ना," तो म्हणाला. बाकावरचे हसले.

तेवढ्यात उस्ताद आले. "काय झालं?"

"हे पोट्टं माह्या मानेले हात लावाले भेते."

"सरक," म्हणत उस्तादांनी बाह्या वर केल्या आणि त्याच्या हनुवटीला हात घातला. मी त्यांचं मनगट धरलं. कसं धरलं ते आजही सांगता येत नाही.

"उस्ताद, आधी दवाखान्यात एक्स-रेचा फोटो काढू. मग तुम्ही म्हणाल ते."

मला वाटलं, संपलं, आता माळ्यावरची पिशवी घ्यायची. मग त्यांनी हात काढला. "जा घेऊन. फोटोत काही नाही निघालं त मी तुही मान मोडतो."

फोटो पाहिल्यावर दिग्रसच्या डॉक्टरांनी त्याला बाकावरून उठूच दिलं नाही. फळीवर आडवा केला, दोन्ही कानांशी टॉवेलच्या गुंडाळ्या लावल्या, कपाळ पट्टीने फळीला बांधलं आणि गाडी यवतमाळला पाठवली. मी सोबत गेलो. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी समजावलं, "जात्यात खालच्या दगडाला मधोमध खिळा असतो, वरचा दगड त्यावर फिरतो. मानेतही तसं एक हाड आहे. त्याला चीर गेलीय. नशीब, ते हललेलं नाही."

"झटका दिला असता तर?"

"तर श्वास थांबला असता. नाहीतर जन्मभर हातपाय हलले नसते."

सहा आठवडे तो डोक्याला वजन टांगून उताणा पडून होता, पुढे तीन महिने कडक पट्टा. सोमवारी दुकान बंद, म्हणून मी एसटीने यवतमाळला जायचो आणि डोकं तसूभरही न हलवता त्याची दाढी करायचो. "उस्तादाले सांग," तो छताकडे बघत म्हणायचा, "गिऱ्हाईक पळालं नाही, बांधून ठेवलं आहे."

उस्तादांनी मान मोडणं बंद केलं. कुणी हट्ट केला की म्हणत, "दाढी करतो. मान डॉक्टरले दाखव." चार गिऱ्हाइकं तुटली. मी मनगट धरलं त्याबद्दल ते मला कधी बोलले नाहीत. पण मी नसताना बाकावरच्यांना सांगायचे, "या पोट्ट्यानं माहा हात धरला होता," आणि हात पुढे करून कुठे धरला ते दाखवायचे. मला हे पुष्कळ उशिरा कळलं. त्यांनी तेव्हा हात झटकला असता, तर मी काय केलं असतं? त्यांनी झटकला नाही, याचं ऋण मी अजून बाळगतो.

पट्टा निघाल्यावर हमाल पहिल्यांदा दुकानात आला. खुर्चीत बसला. मी ब्रश भिजवत होतो, पण लक्ष आरशात. तो मागे टेकला. डोकं आपसूक उशीवर गेलं. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते, तसेच राहिले.

"पाहून काय राह्यला बे?" तो म्हणाला. "साबण लाव."