ऑर्विलच्या मापाची काडतुसं

ऑर्विल स्टेनरुड ऑगस्टात गवत कापताना ट्रॅक्टरवरच गेला, आणि ऑक्टोबर उजाडला तरी त्याची बायको आर्डिस रडली नव्हती. चर्चमधल्या बायका जेवण आणून देत, तिच्या चेहऱ्याकडे बघत बसत. आर्डिस म्हणे, "भांडं घासून पाठवते हं." दाढ काढताना भूल दिली की गाल कसा दुसऱ्याचाच वाटतो, तसं तिला आपलं घर, आपले हात, आपलं नावसुद्धा वाटत होतं. दुखत नव्हतं काहीच.

एके दिवशी दुपारी शेजारच्या रँचवरचा लायल ब्रेके आला. टोपी हातात, आणि टोपीत उडवलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी.

"आर्डिस, कसं सांगू तुला, कळत नाहीये."

"सांग की. उभा का?"

लायलची रायफल ऑर्विलनेच बनवलेली. मोंटानातल्या कुठल्याच दुकानात तिचं काडतूस मिळत नसे, कारण ते माप ऑर्विलने तरुणपणी स्वतःच्या डोक्यातून काढलेलं. लष्करी काडतुसाची जुनी पुंगळी घ्यायची, साच्यात दाबून तिची मान आवळायची, मानेखालचा उतरता खांदा मागे रेटायचा. त्या मापाच्या रायफली सगळ्या जुडिथ खोऱ्यात तीनच: ऑर्विलची, लायलची आणि पलीकडच्या रुडी कोवाचची. तिघींचा दारूगोळा स्टेनरुडांच्या गॅरेजमधल्या एका टेबलावर तयार व्हायचा.

"त्याने जुलैत भरून दिलेल्या पेटीतलं पहिलंच उडवलं," लायल म्हणाला. "पुंगळी बाहेर ओढणारा बोल्ट असा अडकला की लाकडी हातोडीने ठोकून उघडावा लागला. बुडातली, ठिणगी पाडणारी टिकली फाटली बघ. गरम वाफ तोंडावर आली. चष्मा होता म्हणून डोळा वाचला."

"नळीत तेल राहिलं असेल तुझ्या."

"नाही गं." लायल बुटांकडे बघत राहिला. "हात चुकला असेल त्याचा."

"ऑर्विलचा?" आर्डिसने विचारलं, उद्या बर्फ पडणार का विचारावं तसं. मग म्हणाली, "पेटी ठेवून जा."

तो गेल्यावर तिने काडतुसं फोडायला घेतली. पोकळ हातोडीत काडतूस अडकवून फरशीवर आपटलं की गोळी निसटते, मागोमाग दारू. एकेकातली दारू तिने काट्यावर तोलली. काही बरोबर होती. काहींत जास्त होती. आणि काहींत दारूच वेगळी होती, पिस्तुलाची, बारीक पापुद्र्यांची, झटकन पेटणारी. दोन्ही दारूंचे डबे फळीवर शेजारी शेजारी उभे होते. ऑर्विल कधी दोन डबे एका वेळी उघडे ठेवत नसे. निदान पूर्वी तरी.

तिला वसंतातलं आठवलं. त्याने कुत्र्याला कधीच्या मेलेल्या कुत्र्याच्या नावाने हाक मारली होती. कॉफीत मीठ घातलं होतं. ती हसली होती, तोही हसला होता. काट्याची सुई स्थिर झाली होती. आता रडू तरी येईल म्हणून ती बसून राहिली. काही आलं नाही. राजमा भिजत घालायचा राहिलाय, एवढं मात्र आठवलं.

ऑर्विलच्या स्वतःच्या पेट्याही तिने फोडल्या. ती सगळी दारू गुलाबाच्या वाफ्यात पसरून टाकली आणि दुसऱ्या दिवशी ट्रक काढून रुडीकडे गेली.

रुडी दारातच आडवा उभा. "देणार नाही. त्याच्या हातची शेवटची पेटी आहे ती. उडवणार नाही, नुसती ठेवणार."

"चुकलेली आहेत ती, रुडी."

"ऑर्विलची? अगं, तो माणूस झोपेतसुद्धा काटा बघत असेल!"

"त्याचं डोकं चालत नव्हतं. वसंतापासून. मी बघितलं नाही."

हे तिने पहिल्यांदाच कुणापाशी बोलून दाखवलं. आवाज दुकानात पाव मागावा तसा निघाला. रुडी आत गेला, पेटी घेऊन आला, तिच्या हातात देताना क्षणभर सोडेना.

"कॉफी घेशील?"

"नको. तुला नवी करून देते."

पुंगळ्यांच्या माना बर्नरवर तापवून नरम करायचं काम इतकी वर्षं तिचंच. साच्याचा दांडा मात्र ऑर्विल ओढायचा. आता दांडाही तिनेच धरला. पहिल्याच पुंगळीला वंगण कमी पडलं आणि ती साच्यात अशी रुतली की भोक पाडून उपसावी लागली. मग वंगण जास्त झालं, खांद्यावर पोचे आले. ती पुंगळ्या बाजूला टाकत गेली, नव्या घेत गेली. राग आला नाही, कंटाळाही नाही.

पुंगळीला शेवटचा आकार बंदुकीच्या नळीत एकदा उडवल्यावरच येतो. त्यासाठी गोळी न घालता चिमूटभर दारू, वर न्याहारीचा रवा आणि तोंडाला मेणाचं बूच. आपली रायफल घेऊन आलेला लायल म्हणाला, "मी उडवतो, तू बाजूला हो."

"मी उडवते."

कोठाराच्या मागे तिने रायफल आभाळाकडे केली. दणका बसला, पांढरा ढग उठला आणि खाली आला. कुत्रा येऊन जमिनीवरचा रवा चाटू लागला.

"याला दूध पण दे थोडं," लायल म्हणाला. आर्डिसने बोल्ट ओढला. पुंगळीचा खांदा धारदार, बरोबर ऑर्विलच्या मापाचा निघाला होता. तिने दुसरी भरली.

नंतर खरी दारू भरताना एकच डबा टेबलावर होता. एकेक माप ती दोनदा तोलत होती.

नोव्हेंबरात लायल शिकार केलेल्या एल्क हरणाचं मांस कागदात गुंडाळून घेऊन आला. "एकाच गोळीत पडला. बोल्ट लोण्यासारखा उघडला."

"बरं झालं."

तो घुटमळला. "कारागिराकडून नळी बदलून घेऊ का? दुकानातली काडतुसं चालतील मग. तुझ्या मागे कटकट नको."

आर्डिसने पुडकं फ्रीजरमध्ये ठेवलं, झाकण लावलं, विचार केला. नको म्हणावं असंही वाटेना, हो म्हणावं असंही वाटेना.

"राहू दे," ती म्हणाली. "रिकाम्या पुंगळ्या आणून दे. हिवाळा मोठा आहे."