त्या वेबसाईटवरची चटणी आत्याची नव्हती

काल आत्या गेली आणि आज सकाळी मला तिची मेल आली.

"नमस्कार बाळांनो! सणानिमित्त तुमच्या आत्याकडून खास सूट. आजच ऑर्डर करा."
खाली तिचा फोटो. डोक्यावर पदर, हातात बरणी.

पंचगंगेवर तिची राख अजून गरम आहे.
आणि इथे कॉम्प्युटर तिच्या नावाने चटणी विकतोय.

तोंडात शिव्या आल्यात. घरच्या बायका वाचणार म्हणून गिळतोय.

जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आत्या म्हणजे मंगळवार पेठेतल्या शांताबाई. माझी सख्खी नव्हे, अख्ख्या गल्लीची आत्या. नवरा लवकर गेला आणि तिने लोकांना चटणी करून द्यायचं काम धरलं.

आमच्याकडे चटणी म्हणजे लाल, कांदा-लसणाची, वर्षभराची. प्रत्येक घराचं माप वेगळं. आणि डंकावर, म्हणजे मिरची कांडपाच्या गिरणीत, कुटायला दिली की घरचं माणूस शेजारी उभं राहणारच. आपली मिरची, आपलं खोबरं, आपल्या डोळ्यांदेखत.

तेव्हा गल्लीच्या तोंडाला माझा नेट कॅफे होता. पेठेतली पोरं कॉम्प्युटर शिकून परदेशी चालली होती. एक दिवस आत्या आली.

"संज्या, पाटलाचा पोरगा अमेरिकंत हाय. चटणी पायजे म्हणतोय. आता त्यो डंकावर हुबा कसा ऱ्हाणार? तू त्येला इचार, घरात खोबरं किती घालत्यात."

मी मेल टाकली. उत्तर आलं, "खोबरं कमी, तीळ जास्त. आईची असते तशी."

मग ती रीतच पडली. प्रत्येकाला वेगळी मेल. गाव कुठलं, माप कसं, तिखट सोसतं का. ज्या दिवशी ज्याची चटणी कुटायची, त्या दिवशी त्याला आणखी एक मेल.
"आज तुझी चटणी डंकावर हाय. तुझ्या जागी मी हुबा हाय."

ती बोलायची तसं मी टाईप करायचो, आमच्याकडच्या बायकांचं 'मी हुबा'सुद्धा. इंग्रजी अक्षरांत, स्पेलिंगच्या पार चिंधड्या.
एकाने ती मेल प्रिंट काढून ऑफिसात टेबलासमोर चिकटवली होती.

ईमेल मार्केटिंग हा शब्द आम्हा दोघांनाही माहीत नव्हता.

ज्याला माहीत होता, तो आला. आत्याच्या लेकीचा, सरिताचा चुलत दीर. गळ्यात टाय, हातात लॅपटॉप.
"मावशी, एकेकाला कुठं लिहीत बसता? वेबसाईट करू. एकच मेल, एकदम सगळ्यांना."

साईटला नाव आत्याचं. फोटो आत्याचा. नोंदणी त्याच्या कंपनीच्या नावावर.

मी म्हणालो, "आत्या, आधी कागद करून घे."
माझ्यावरच खवळली.
"लेकीच्या सासरच्या माणसाकडनं कागद लिवून घ्यू व्हय रं? पोरगी नांदतीया माझी तितं!"

आमच्याकडे पावण्याला कागद मागणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. हे त्या शहाण्याला पक्कं ठाऊक होतं. आत्याने त्याला जुन्या मेलचा पासवर्डसुद्धा देऊन टाकला. त्याने तो बदलला. सगळ्या गिऱ्हाइकांचे पत्ते त्यातच होते.

थोड्याच दिवसांत तो कुठल्याशा कारखान्यातून चटणी उचलायला लागला. सगळ्यांना एकच. पाकिटावर मात्र आत्याचा चेहरा.
आत्याला म्हणाला, "मावशी, आता तुम्ही आराम करा."

तोंड बघा. आराम म्हणे!

पुढे एका उन्हाळ्यात तो पाटलांचा पोरगा लग्नासाठी गावी आला. सरळ आत्याच्या दारात. हातात पाकीट.
"आत्या, तुमीबी? आई गेल्यावर तुमच्या चटणीतच तिची चव ऱ्हायली हुती. ह्यात नुसतं तिखट हाय."

मी तिथेच होतो. आत्याने पाकीट उलटंपालटं करून बघितलं. आत जाऊन भाकरी आणि तिच्या हातची चटणी आणली, वर तेल सोडलं.

त्याने एक घास खाल्ला आणि मान खाली घातली.
"मग ह्ये कोण इकतंय, आत्या?"
"तू जेव," ती म्हणाली.
तेव्हासुद्धा पावण्याचं नाव घेतलं नाही तिने.

तो गेल्यावर ती उंबऱ्यात बसली.
"संज्या, ह्यो दारात आला म्हणून ह्येला कळलं. बाकीच्यास्नी काय वाटत असंल रं? आत्यानं फशिवलं म्हणत असतील."

मी म्हणालो, वकील बघू. पेपरात देऊ. त्याच्या दारात जाऊन तमाशा करू.
प्रत्येक वेळी एकच उत्तर. "सरिता नांदतीया तितं."

या एका वाक्याच्या जोरावर त्या माणसाने इतकी वर्षं धंदा केला.

आणि काल स्मशानात सगळ्यांच्या पुढे तोच. शोकसभेत बोललासुद्धा.
"मावशींना मी जगभर पोचवलं."
लोक माना डोलवत होते. मी मुठी आवळून उभा होतो.

घरी परतलो तर सरिताने मला दारातच गाठलं. डोळे कोरडे.
"दादा, आईनं माझ्यापायी तोंड शिवून घेतलं. आता तू लिव. सासरचं माझं मी बघतो."

म्हणून लिहितोय.

पावणं, तुम्हीही हे वाचणार, मला माहीत आहे. तिचा फोटो उतरवा. आजच. नाहीतर मी येतोय, आणि चहा प्यायला येत नाहीये.

आणि बाकीच्यांनो, जिथं कुठं असाल तिथं. पाकीट उघडून "आत्या बदलली" असं कधी म्हणाला असाल, तर ऐका.
ती चटणी तिची नव्हती. तिने तुम्हाला फसवलं नाही.
तुमचे पत्ते तिच्या हातात असते, तर तिने एकेकाला कळवलं असतं.

ओळखीचं कोणी तिकडं असेल तर त्याला हे पाठवा. रडका चेहरा टाकून पुढे जाऊ नका.

आत्या, तू जा निवांत.
बाकीच्यांना मी सांगतो.