पंधरा वर्षं हायेत का?

कोणाच्याही घरी गेले की भाऊ खुर्चीवर बसत नसत. यजमान खुर्ची पुढे सरकवायचा, त्याची बायको पाण्याचा पेला घेऊन यायची, आणि तोवर हे गृहस्थ फरशीवर मांडी घालून बसलेले असायचे. बसल्या बसल्या मान वळवून सगळं घर पाहायचे. पलंगाखाली काय आहे, कूलरची वायर कुठून गेली आहे, मागचं दार नीट लागतं की नाही.

"खुर्चीवरून माणसाचं घर दिसते," ते म्हणायचे. "कुत्र्याचं घर पाहाचं असन तं खाली बसा लागते."

मग पाणी पिऊन, पेला शेजारी ठेवून, त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा. "पंधरा वर्षं हायेत का तुमच्यापाशी?"

भिलाईत, आमच्या स्टील प्लांटच्या वसाहतीत, ऐंशी सालाच्या आसपास पामेरियनचं वेड आलं होतं. पांढरं, झुबकेदार शेपटीचं, मांडीवर मावणारं कुत्रं. सेक्टरमधल्या बायकांनी ते एखाद्या साहेबाच्या बंगल्यात पाहिलेलं असायचं, आणि मग आपल्याही क्वार्टरमध्ये तसंच हवं असायचं. चांगल्या जातीची कुत्री आमच्या भागात फक्त भाऊंकडे होती. तिचं नाव चांदी. भाऊ प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. आठ तास उंचावरच्या केबिनमध्ये बसून खालची माणसं मुंग्यांएवढी पाहायची, आणि घरी आल्यावर फरशीवर बसून चांदीच्या केसांतून ब्रश फिरवायचा, हा त्यांचा दिवस. बायको लवकर गेली होती. मुलगा नागपूरला नोकरीला होता.

पंधरा वर्षांचं गणित तुम्हाला सांगायला हवं, कारण ते आमच्याच गावात सुचण्यासारखं होतं. क्वार्टर प्लांटचं. अठ्ठावन्न पूर्ण झाले की रिकामं करायचं. मग दारात ट्रक उभा राहायचा आणि तीस वर्षांचा संसार भंडाऱ्याला, गोंदियाला नाहीतर नागपूरला निघायचा. ट्रकमध्ये कपाट चढायचं, शिवणयंत्र चढायचं, तुळशीची कुंडीसुद्धा चढायची. कुत्रं मात्र बऱ्याचदा राहून जायचं. दर उन्हाळ्यात सेक्टरच्या रस्त्यांवर एखाददुसरं जातिवंत कुत्रं दिसायचं, केसांच्या जटा झालेलं, बंद क्वार्टरच्या फाटकाशी बसलेलं. भाऊंनी ती कुत्री पाहिली होती. असं कुत्रं पंधरा वर्षं जगतं, म्हणून ज्याच्या नोकरीची पंधरा वर्षं शिल्लक नाहीत त्याला पिलू द्यायचं नाही, असा त्यांनी नेमच केला होता.

यात माझा संबंध असा की मी क्वार्टर अलॉटमेंटच्या ऑफिसात बाबू होतो. कोण कधी रिटायर होणार याचं रजिस्टर माझ्या टेबलावर असायचं. पहिली पाळी संपली की भाऊ सायकलवरून यायचे आणि विडीच्या कागदावर लिहिलेलं नाव माझ्यापुढे ठेवायचे.

"बाबू, याचे किती राह्यले, पाहून सांग."

मी पाहून सांगायचो. एवढीच त्यांची चौकशी नसायची. पिलू हवं असेल त्यानं आधी येऊन चांदीला पाहायचं. "आई पाहा, मंग पिलू पाहा. आईचा सोभाव त्याच्यात येते." दोन महिन्यांच्या आत पिलू आईपासून तोडायचं नाही. दोन वर्षांतून एकदाच वेत घ्यायचं. सुया कधी टोचायच्या, जंताचं औषध कधी द्यायचं, हे सगळं ते घोकून घ्यायचे. गोड द्यायचं नाही, कोंबडीचं हाड द्यायचं नाही. उन्हाळ्यात ओलं पोतं फरशीवर टाकायचं, कारण हा प्राणी आपल्या उन्हासाठी जन्मलाच नाही. पिलासोबत ते चांदीच्या गोधडीचा एक तुकडा द्यायचे. "चार दिवस तिचा वास राहू द्या याच्यापाशी." आणि शेवटी, निघताना फाटकात उभं राहून, "नाही जमलं तं रस्त्यावर नाही सोडाचं. मायाकडे आणून देजा. मी काहून म्हणून विचारनार नाही."

एका फोरमनच्या बायकोला मुलाच्या वाढदिवसाला पिलू भेट द्यायचं होतं. भाऊ म्हणाले, "बाई, वाढदिवस संध्याकाळी सरते." दुसऱ्या एकानं विचारलं, हे मोठं होऊन घराची राखण करेल ना? भाऊंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "याची राखण तुमाले करा लागते, साहेब." दोघंही रिकाम्या हातानं परतले.

मीही परतलो. माझ्या मुलीला पिलू हवं होतं. मी हक्काचा माणूस, रजिस्टर माझ्या हातातलं, म्हणून ऐटीत गेलो. भाऊ आमच्या घरी आले, फरशीवर बसले, माझ्या बायकोनं केलेले पोहे खाल्ले, घराची तारीफ केली.

"तुयी सर्विस किती राह्यली, बाबू?"

"तेरा, भाऊ."

"दोन कमी पडले," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. पण पिलू दिलं नाही. मुलगी दोन दिवस रडली. मी हसून सोडून दिलं असं सगळ्यांना सांगितलं. सोडून दिलेलं नव्हतं.

त्याच वेताच्या वेळी भाऊंनी सांगितलं की हे चांदीचं शेवटचं. त्यांचीच नोकरी आता सात वर्षं उरली होती. त्या वेतातली तीन पिलं चांगल्या घरी गेली. एक मादी राहिली. ती आमच्या ऑफिसच्या साहेबांना हवी होती.

साहेब मूळचे नागपूरचे, हौशी, केसांना कलप लावणारे. पंचावन्नचे होते, पण पंचेचाळीसचे दिसायचे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तो क्रेनवाला तुम्हाला विचारायला येईल. सांभाळून घ्या." एवढंच म्हणाले. धमकी दिली नाही, आमिष दाखवलं नाही. तसं काही केलं असतं तर बरं झालं असतं, आज निदान कोणावर तरी ढकलता आलं असतं.

भाऊ कागद घेऊन आले. मी रजिस्टर उघडलं, तारीख पाहिली. तीन वर्षं.

"सोळा," मी म्हणालो.

"सोळा?" भाऊ जरा थबकले. मग मान हलवली. "तू पायलं ना? मंग झालं."

का खोटं बोललो? साहेबाचा धाक होता. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती मी बायकोलाही सांगितली नाही. मला दोन वर्षांसाठी नाकारलं होतं, आणि आता याच माणसाचा नेम माझ्या एका शब्दानं मोडत होता. त्या क्षणी मला त्याचा थोडा आनंद झाला.

साहेबांच्या बायकोनं पिलाचं नाव डॉली ठेवलं. लाड भरपूर झाले. रोज साडेपाचला साहेबांची स्कूटर आली की ती फाटकाशी उभी असायची. भाऊ अधूनमधून बाहेरून पाहून जायचे आणि खूश होऊन मला सांगायचे. मी टेबलावरचे कागद इकडून तिकडे करायचो.

तीन वर्षं कशी गेली कळलं नाही. साहेबांचा निरोप समारंभ झाला. तो भाऊंच्या कानावर जाऊ नये म्हणून मी काळजीत होतो, पण प्लांट एवढा मोठा की एका टोकाचं दुसऱ्या टोकाला कळत नाही. डॉलीचं काय, असं मी साहेबांना विचारलं. "चरोद्याला ओळखीचे आहेत, रेल्वेतले. ते नेणार आहेत." मी मान डोलावली. भाऊंकडे परत द्या, असं मी म्हणू शकत होतो. पण परत द्यायचं तर सोळाचे तीन कसे झाले हे सांगावं लागलं असतं. साहेबांनाही, मलाही.

दुसऱ्या दिवशी क्वार्टरचा ताबा घ्यायला मी गेलो. सोबत मेंटेनन्सचा माणूस होता. पंखे मोजले, नळ मोजले, खिडकीची एक काच फुटलेली होती ती लिहिली. डॉली व्हरांड्यात बसली होती. शेजारी वाटीत दूध होतं, त्यावर लाल धुळीची साय आली होती. गोधडीचा तुकडा तिच्या पायाखाली होता. ती माझ्याकडे पाहत नव्हती, रस्त्याकडे पाहत होती.

"ये भी लिखना है क्या?" मेंटेनन्सवाला हसत म्हणाला.

मी कुलूप लावलं, सही केली आणि निघून आलो.

चरोद्याचं कोणी आलं नाही. आठ दिवस मला ते माहीत होतं. आठ दिवस मी तिकडच्या रस्त्यानं ऑफिसला गेलो नाही. भाऊंचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून होतं.

नवव्या दिवशी भाऊ ऑफिसात आले. टेबलासमोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. ते फरशीवर बसले. सगळं ऑफिस पाहू लागलं.

"भाऊ, वर बसा ना."

"रजिस्टर दाखव, बाबू."

मी ते खाली धरलं. त्यांनी साहेबांच्या नावावरून बोट फिरवत तारखेपर्यंत नेलं. तिथे बोट थोडा वेळ राहिलं. मग रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि गेले. शिवी दिली असती तर मी आज ही गोष्ट सांगत बसलो नसतो. मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

डॉलीला त्यांनी उचलून घरी नेलं. ती परत त्या बंद क्वार्टरला गेली. पुन्हा नेलं, पुन्हा गेली. मग भाऊंनी नेणं सोडलं आणि स्वतःच तिकडे जायला लागले. ड्यूटी सुटली की सायकलला डबा, ब्रश आणि ओलं पोतं. व्हरांड्यात बसून ते तिच्या जटा सोडवायचे, एकेक गोचीड वेचायचे. लोक म्हणायचे, म्हातारा सटकला. क्वार्टरमध्ये नवं बंगाली कुटुंब आलं तेव्हा भाऊंनी त्यांच्या फाटकाबाहेर बसण्याची परवानगी मागून घेतली.

जवळजवळ वर्षानं ती त्यांच्या घरी राहू लागली. पण साडेपाच वाजले की उठून त्या फाटकाशी जाऊन बसायची, आणि अंधार पडताना परत यायची. मी एकदा धीर करून म्हटलं, "बांधून काहून ठेवत नाही, भाऊ?"

"तिची ड्यूटी हाये. जाऊ दे." त्या गोष्टीबद्दल ते माझ्याशी बोलले ते एवढंच. विडीचा कागद घेऊन मात्र पुन्हा कधी आले नाहीत.

ते रिटायर झाले त्याच साली चांदी गेली. मुलगा नागपूरला बोलवत होता. भाऊंनी सेक्टरबाहेर, खुर्सीपारच्या वस्तीत एक खोली घेतली. क्वार्टर सोडण्याचे त्यांचे कागद माझ्याच हातून गेले. रोज दुपार कलली की डॉलीला सायकलच्या पुढच्या टोपलीत बसवून ते सेक्टरला आणायचे, वळणावर सायकल उभी करायचे आणि तिची ड्यूटी संपेपर्यंत नाल्यावरच्या छोट्या पुलियाच्या कठड्यावर बसून राहायचे. अशी चार वर्षं. मी दुसऱ्या गल्लीनं घरी जायचो.

मग कानावर आलं की काही दिवस वळणावर सायकल नाही. शेजारच्यानं निरोप आणला की भाऊंनी बोलावलं आहे.

खुर्सीपारच्या त्या खोलीत ते खाटेवर होते. अंगावरचं मांस गेलं होतं. खाटेखाली डॉली. खोलीत एक स्टूल होतं, पण मी कसा कोण जाणे खाली बसलो. भाऊ माझ्याकडे पाहत राहिले.

"तुये किती राह्यले, बाबू?"

"दोन, भाऊ."

मी खिशात हात घातला. येताना मी रजिस्टरमधली माझी ओळ कागदावर उतरवून, वर ऑफिसचा शिक्का मारून आणली होती. माझी मलाच खात्री नव्हती. त्यांनी हात हलवला.

"कागद राहू दे. तू सांगून राह्यला ना? मंग झालं." थोडा दम घेतला. "तिचेबी दोन-तीनच असतीन. जमते."

मी तिथे त्यांच्यासमोर रडलो. त्यांनी उशीखालून ब्रश आणि गोधडीचा तुकडा काढून दिला, आणि ओल्या पोत्याचं पुन्हा समजावून सांगितलं, जणू मी पहिल्यांदाच आलेलं गिऱ्हाईक.

पंधरा दिवसांत भाऊ गेले.

डॉली माझ्याकडे आली. पहिल्याच संध्याकाळी साडेपाचला ती उठली. मी मागोमाग निघालो. जुन्या क्वार्टरच्या फाटकापर्यंत ती गेली, आणि थांबली नाही. पुढे वळणापर्यंत गेली आणि पुलियाजवळ बसली, खुर्सीपारकडून येणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. तिथून माणसांचे चेहरे दिसत नाहीत. पाळी सुटल्यावर येणाऱ्या सायकलींची चाकं तेवढी दिसतात, शेकडो, आणि प्रत्येक चाक जवळ येताना तिचे कान उभे राहायचे.

मी रिटायर झालो तेव्हा ती होती. ट्रक गावाकडे नेला नाही. जवळच दुर्गला बोरसीत घर घेतलं आणि स्कूटरवर तिला रोज पुलियापाशी आणत राहिलो. चौदाव्या वर्षी, एका सकाळी, ओल्या पोत्यावर ती गेली. एक वर्ष कमी पडलं. हे ज्याला सांगायचं तो माणूस नव्हता.

त्यानंतर एकदा सेक्टरमध्ये काही कामाला गेलो होतो. साडेपाच वाजत आले होते, पाय आपोआप वळणाकडे गेले. पुलियाशेजारी खाली बसलो. पाळी सुटली होती, चाकं येत होती, जात होती. एक सायकल माझ्याजवळ येताना हळू झाली, थांबली. मी झटकन उठून उभा राहिलो.

एक तरुण पोरगा होता. चेन उतरली म्हणून थांबला होता.