पुढचं डावं चाक

महादेवी जाऊन सात आठवडे झाले. बायको माझी. माझ्याशी ती शेवटचं बोलली ते गाडीत, दवाखान्यात नेताना. अंगात ताप होता, दम लागला होता, शेजारच्या सीटवर मान टाकून बसली होती. सिग्नलला गाडी थांबत आली तसं म्हणाली, “अवो, पुढचं डावं चाक वाजतंय... दाखवून घ्या.” मी म्हणालो, “गप बस.” पुढं तिच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लागला आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. चाळीस वर्षांच्या संसारात माझं शेवटचं बोलणं काय, तर गप बस. पण दिवस घातले तरी डोक्यातून एकच गोष्ट हलेना. चाक खरंच वाजत होतं का?

मुलगा महेश तेव्हा मागच्या सीटवर होता. त्याला विचारलं तर म्हणाला, “अप्पा, आई तापात बडबडत होती. काही वाजत नव्हतं.” मला स्वतःला विचारून उपयोग नाही. चौतीस वर्षं चादरींच्या गठड्या भरून मालट्रक हाकला, इंजिन मांडीला लागून. त्यात कान गेले. माणसाचं बोलणं कळतं, बारीक चिरका आवाज कळत नाही. आपल्या गाडीचे ब्रेक कुईकुई करतात हे मी फक्त लोकांच्या तोंडून ऐकलंय.

ही जुनी गाडी घेतली तेव्हा पहिल्याच महिन्यात गल्ली बोंबलायला लागली, तुमचे ब्रेक लई वाजतात म्हणून. महादेवी दुधनी गावची. घरात जे वाजेल त्याला तेल, हा तिचा कायदा. दाराची बिजागरी, झोपाळ्याची कडी, शिलाई मशीन. लांब चोचीची ती मशीनच्या तेलाची डबी घेऊन बाई चाकाशी बसली आणि रिमच्या भोकातून तेल सोडलं की आत! मला पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी दोघं सिद्धेश्वराला निघालो. गल्लीच्या टोकाला ब्रेक दाबला, तर गाडी एका अंगाला ओढत गेली ती थेट वाळूच्या ढिगात. कुणाचं तरी बांधकाम चालू होतं म्हणून वाचलो. पलीकडं दुधाच्या रांगेत माणसं उभी होती.

रशीद मिस्त्रीनं चाक काढलं, बोट फिरवलं, वास घेतला. “काका, ब्रेककू तेल कौन डाला?”

“मीच सोडलं,” ती म्हणाली. “वाजत हुतं की.”

“क्या काकू, काकाकू मारनेका था क्या?”

“मारायचं असतं तर आमटीत घातलं असतं. गाडी कशाला खराब करू?”

मी मात्र चारचौघांत तिला नको नको ते बोललो. ती पदर खोचून रशीदशेजारी खाली बसली आणि विचारायला लागली, तेल न्हाय तर मग काय? रशीद पण सांगत बसला. ब्रेकच्या पॅडनं चाकाच्या डिस्कला घासून धरलं तरच गाडी थांबते, तेलानं ते सुटतं. तेल प्यालेलं पॅड फेकूनच द्यायचं. सकाळी दवानं वाजलं तर दोन-चारदा दाबल्यावर आपोआप जातं, त्याला हात लावू नये. धुळीनं पॅड चकाकलं असेल तर काढून पॉलिश पेपर मारायचा. पण रोज, सारखं वाजत असेल तर पॅड संपत आलं. आणि खरखर आली तर लोखंडावर लोखंड घासतंय, गाडी तिथंच उभी करायची. तिनं एकदाच ऐकलं. मला अजून दोनदा विचारावं लागतं.

त्या दिवसापासून ब्रेक ऐकायचं काम तिच्याकडं. आमच्या रस्त्यावर बंद पडलेल्या गिरणीची लांब दगडी भिंत आहे. तिथं आलं की ती आपल्या बाजूची काच चार बोटं खाली करायची. भिंतीवर आपटून आवाज परत येतो, हे तिनंच शोधून काढलं, रशीदनं नाही. मी हळू ब्रेक दाबायचा आणि विचारायचं, “वाजतंय का?” तळहात आडवा झाला की ठीक. एक बोट वर झालं की रशीदकडं. कधी चुकली नाही... म्हणून तर शेवटचं ते डोक्यात राहिलं.

शेवटी मागच्या आठवड्यात रशीदकडं गेलो. रशीदनं काचा चढवून, एसी लावून चक्कर मारली. “कुछ नै, काका.” मी म्हणालो, भिंतीला चल. मी तिच्या जागेवर बसलो, काच चार बोटं खाली केली. एकदा गेलो, काही नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा, गाडी थांबता थांबता रशीदनं मान तिरकी केली आणि कान डावीकडं लावला.

“बोल की!”

“है काका. बारीक है. लेफ्टकू.”

चाक खोललं. बाहेरचं पॅड चांगलं होतं. आतलं झिजून मागच्या पत्र्याला टेकत आलेलं, पॅड सरकतं ती पिन जाम होऊन एकच बाजू घासत होती. “बाहरसे दिखताच नै,” रशीद म्हणाला. “काकू बराबर बोली.” त्यानं नवीन पॅडं घातली, पिना साफ करून त्यांना ग्रीस लावलं. तिथं मात्र ग्रीस लावतात म्हणे. हे ऐकायला ती हवी होती, रशीदला सोडलं नसतं.

मला बरं वाटलं. बडबडत नव्हती ती. घरी येऊन महेशला ते झिजलेलं पॅड दाखवलं. मग रात्रभर दुसरंच सुचत राहिलं. शुद्धीत होती, म्हणजे माझं ‘गप बस’ पण तिनं नीट ऐकलं असणार.

महेश तिच्या बाजूची काच चढवतो, सीटवर धूळ येते म्हणतो. मी परत चार बोटं खाली करतो. परवा सोमवारी भिंत आली तसा हळू ब्रेक दाबला आणि सवयीनं विचारलं, “वाजतंय का?” डावीकडं बघितलं. भिंत संपेपर्यंत गाडी तशीच हळू नेली.